हैबती आणि नेत्रवेलीची माळ

फार पूर्वी, डोंगरांमधून धड पायवाटाही नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका कुंभारांच्या गावात हैबती नावाचा तरुण राहत होता. दिसायला चारचौघांसारखा, पण अंगात ताकद अशी, की एका उडीत या डोंगरावरून त्या डोंगरावर जायचा आणि दहा बैलांना न हलणारी शिळा एका हाताने उचलून बाजूला ठेवायचा. ही ताकद त्याला कुठून मिळाली, कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक त्याला महाबली म्हणत.

घरात माणसं तीनच. हैबती, त्याची बायको येसू आणि म्हातारे वडील. वडिलांना सगळं गाव आबा म्हणे. आबांच्या हातची मडकी पाच गावांत जायची आणि वाजवून घ्यायची कुणाला गरज वाटायची नाही.

कुणाची गाय विहिरीत पडली, कुणाच्या घराचं आढं मोडलं, की हैबतीला बोलावणं यायचं. तो जायचा, काम उरकायचा आणि जेवायच्या वेळेला परत. मग आबांसाठी माती तुडवायला लागायचा. येसू म्हणायची, "महाबली, पाय धुतल्याशिवाय चुलीपाशी येऊ नका." तिघंही हसायचे.

मग एका वर्षी पथक उभं राहिलं.

मधल्या डोंगरावर एक म्हातारी राहत होती. तिला वीस कोसांवरून कुणी मदतीसाठी मारलेली हाक ऐकू यायची. म्हणून सगळे तिला ऐकणारी आजी म्हणत. तिने तिघांना बोलावून घेतलं. एक हैबती. दुसरा वाऱ्यासारखा पळणारा मेंढपाळ. तिसरी कोळीण, जी नुसता हात वर करून पाण्याला वळवायची.

आजी म्हणाली, "एकेकटे राबलात तर दमून जाल. आपण काम वाटून घेऊ. हाक आली की मी शिंग फुंकीन. एकदा फुंकलं तर मेंढपाळाने निघायचं, दोनदा फुंकलं तर कोळिणीने, तीनदा फुंकलं तर हैबतीने. शिंग वाजतच राहिलं, तर मात्र तिघांनी यायचं."

तिघांनी हो म्हटलं आणि पराक्रमांना सुरुवात झाली. खाडीतल्या सुसरीने होड्या गिळायला घेतल्या होत्या, तिला त्यांनी समुद्रापार हाकललं. एक राक्षस नदी अडवून बसला होता, त्याला मेंढपाळाने पळवून पळवून दमवलं, कोळिणीने भिजवलं आणि हैबतीने उचलून पलीकडच्या वाळवंटात ठेवून दिलं. पथक जाईल तिथे लोक ढोल वाजवायचे, आरत्या ओवाळायचे. काम झाल्यावर तिघं झाडाखाली बसून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायचे आणि दर वेळी राक्षस थोडा मोठा व्हायचा.

खरं सांगायचं तर हैबतीला त्यात फार मजा यायला लागली. घरी आलं की छपरावरची कौलं, ओली लाकडं, मातीतले खडे. बाहेर गेलं की जयजयकार. शिंग एकदा वाजो नाहीतर दोनदा, हैबती उठलाच म्हणून समजा. येसूने विचारलं तर म्हणायचा, "अगं, लोकांचे जीव अडकलेले असतात." हे ऐकल्यावर ती काय बोलणार?

असं करता करता वर्ष सरत आलं.

एकदा चार दिवस शिंग वाजलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी हैबतीला घराची आठवण झाली. एका नगरातल्या लोकांनी त्याला रेशमी शेला दिला होता, लालभडक, सोनेरी काठांचा. तो खांद्यावर टाकून हैबती अंगणात उतरला.

आबा चाकावर बसले होते. त्यांच्या बोटांखाली एक घट हळूहळू वर चढत होता.

"आबा, बघा काय आणलंय तुमच्यासाठी!" हैबतीने शेला त्यांच्या मांडीवर ठेवला. "रंग बघा नुसता."

आबांनी हात पुसले. शेल्यावरून बोटं फिरवली, काठाची वीण चाचपली. "सुरेख आहे," ते म्हणाले. "हिरवा मला पहिल्यापासून आवडतो."

हैबती हसला. "हिरवा? आबा, लाल आहे हो!"

आबांची बोटं थांबली. त्यांनी मान वळवून हैबतीच्या आवाजाकडे तोंड केलं. पण हैबती तोवर दोन पावलं बाजूला सरकला होता आणि आबा रिकाम्या भिंतीकडे बघून हसले.

 त्याने पुढे होऊन आबांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही. अजून जवळ नेला. डोळे तसेच, शांत, भिंतीवर खिळलेले.

"येसू!" तो ओरडला. "येसू, आबांना काय झालंय?"

येसू घरातून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, घाबरणं नव्हतं. तिच्याकडे बघून हैबतीला आणखीच धक्का बसला.

"काय झालंय म्हणजे?" ती म्हणाली. "आबांना दिसत नाही. आठ महिने झाले."

"आठ महिने?"

"गावात सगळ्यांना माहीत आहे."

हैबतीला वाटलं, आपल्या कानात काहीतरी बिघडलंय. आठ महिन्यांत तो किती वेळा घरी आला होता! आबांच्या शेजारी बसून जेवला होता. त्यांच्याशी बोलला होता. बोलला होता म्हणजे, स्वतःच बोलला होता. आबा ऐकत होते.

"मला कुणी सांगितलं का नाही?" त्याचा आवाज चढला.

येसूने हातातलं सूप खाली ठेवलं. "सांगायला आले होते. डोळ्यांपुढे धुकं येतंय असं आबा म्हणायला लागले, तेव्हाच वैद्यांना आणलं. ते म्हणाले, धुकं आल्यापासून चाळीस दिवसांच्या आत नेत्रवेलीचा रस घातला तर डोळे वाचतील. पण ती वेल काळकड्याच्या टोकावर उगवते, तिथे माणसाचं काम नाही, हैबतीच जाऊ शकेल. तुम्ही विसाव्या दिवशी घरी आलात. मी म्हटलं, अहो, आबांच्या डोळ्यांचं जरा... तेवढ्यात शिंग वाजलं."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, आल्यावर बोलू."

हैबतीला ते आठवेना. आणि आठवत नाही, याचीच त्याला भीती वाटली.

"मग हाक का नाही मारलीस? आजीला ऐकू आली असती!"

"मी मारणार होते. आबांनी मारू दिली नाही. म्हणाले, ज्यांचा जीव जातोय त्यांच्यासाठी आहे ती. सदतिसाव्या दिवशी मला राहवलं नाही. मी मधल्या डोंगरावर चालत गेले, दीड दिवस. वर चिटपाखरू नव्हतं. तुम्ही सगळे पलीकडच्या मुलुखात मिरवणुकीला गेला होतात. आजीसुद्धा."

मिरवणूक म्हटल्याबरोबर हैबतीला सगळं लख्ख आठवलं. पलीकडच्या मुलुखातल्या एका सरदाराच्या आईची दृष्टी चालली होती. हैबतीने दोन उड्यांत काळकडा गाठला होता, नेत्रवेल तोडून आणली होती. म्हातारीला दिसायला लागलं. सरदाराने सात दिवस मिरवणूक काढली. उरलेल्या निळ्या फुलांची माळ करून लोकांनी हैबतीच्या गळ्यात घातली होती.

"ती वेल..." तो म्हणाला. "ती मी कितव्या दिवशी तोडली?"

येसूने दिवस मोजून ठेवले होते. "पस्तिसाव्या."

म्हणजे अजून पाच दिवस हाताशी होते.

"बेचाळिसाव्या दिवशी तुम्ही घरी आलात," येसू म्हणाली. "गळ्यात ती माळ होती, वाळून गेलेली. जेवताना तुम्ही सगळी हकीकत सांगितली. आबांनी विचारलं, कसं असतं रे ते फूल? तुम्ही कितीतरी वेळ सांगत होतात. तुम्ही झोपल्यावर मी माळेतली फुलं सोडवली, उकळली, गाळली. दोन दिवस तो रस आबांच्या डोळ्यांत घातला. काही झालं नाही."

हैबतीने तिथूनच उडी मारली.  एक उडी, दुसरी उडी. चुलीवरचं पाणी उकळायच्या आत तो नेत्रवेलीचा हिरवागार भारा घेऊन परत आला आणि तसाच धावत जाऊन वैद्यांना घेऊन आला.

वैद्यांनी आबांच्या पापण्या वर करून पाहिलं. मग भाऱ्यातलं एक पान तोडून हातात धरलं. "हैबती," ते म्हणाले, "याने आता डोळ्यांना गारवा वाटेल, एवढंच."

दोन उड्यांचं अंतर. हैबती त्या भाऱ्याकडे बघत राहिला. वैद्य कधी निघून गेले, ते त्याला कळलंही नाही.

"आबा," तो अखेर म्हणाला, "येसूचं राहू दे. तुम्ही स्वतः मला का नाही सांगितलंत?"

आबांचे हात पुन्हा चाकावरच्या घटावर होते. "धुकं आलं त्या पहिल्याच दिवशी मी इथून उठलो आणि दाराच्या चौकटीवर आपटलो," ते म्हणाले. "कपाळाला टेंगूळ आलं. तू समोरच होतास. म्हटलं, आता विचारेल."

"मी काय करत होतो?"

"वहाणा घालत होतास."

आबांच्या आवाजात राग नव्हता. असता तर हैबतीला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात मधल्या डोंगरावरून शिंग वाजलं. एकदा, दोनदा, तीनदा. हैबती जागचा हलला नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"तीनदा वाजलं," आबा म्हणाले. "तुझंच आहे."

"मी जाणार नाही."

"कोण अडकलंय ते ठाऊक आहे तुला? कुणाचे तरी आबा असतील तिथे. जा. माझे डोळे काही आज गेलेले नाहीत."

हैबतीने येसूकडे पाहिलं. तिने मान हलवली.

खिंडीत दरड कोसळली होती आणि तिच्याखाली एक अख्खं वऱ्हाड सापडलं होतं. हैबतीने पाठ लावून डोंगराचा तो तुकडा उचलून धरला. शिंग एकट्या हैबतीसाठी वाजलं होतं, पण मेंढपाळ आणि कोळीणही नेहमीसारखे धावत आले होते. मेंढपाळ आत शिरून एकेकाला बाहेर काढत होता, मागून झिरपणारं पाणी कोळिणीने अडवून धरलं होतं. शेवटी नवरी बाहेर आली, तिच्यामागून तिची आजी. मग हैबतीने दरड सोडली.

ढोल वाजायला लागले. नवऱ्याचा बाप हात जोडून म्हणाला, "महाबली, आज आमच्या गावी चला. हत्तीवरून मिरवणूक काढतो. तीन दिवस तुम्हाला सोडणार नाही."

हैबती क्षणभर उभा राहिला. गर्दी त्याच्या नावाने ओरडत होती. तीनशे माणसं, आणि प्रत्येकाची नजर त्याच्यावर. एरवी याच क्षणासाठी तो धावत यायचा.

"नको," तो म्हणाला. "नवरा-नवरीला बसवा हत्तीवर. मला घरी जायचंय."

लोक अवाक झाले. त्यांच्याहून जास्त चकित झाला मेंढपाळ. "अरे, हत्ती आहे! तू नाही म्हणतोस?"

हैबती मेंढपाळाला आणि कोळिणीला बाजूला घेऊन गेला. ऐकणारी आजीही तिथे आली होती. त्याने घरी काय कळलं ते सांगितलं, काहीही न लपवता, माळेसकट. कोळिणीने तोंडावर हात ठेवला. मेंढपाळ खाली बघायला लागला.

"आजी," हैबती म्हणाला, "तुला वीस कोसांवरचं ऐकू येतं. माझ्या घरातलं आठ महिन्यांत काहीच ऐकू आलं नाही?"

"मला हाक ऐकू येते रे," आजी म्हणाली. "तुझ्या घरातून कुणी हाक मारलीच नाही. माझंही चुकलंच. त्या मिरवणुकीला मी गेले नसते, तर तुझी बायको मला भेटली असती." मग तिने हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला. "पण आज विचारलंस म्हणून आणखी एक सांगते. ऐकशील?"

"सांग."

"आठ महिन्यांत एकतीस वेळा शिंग वाजलं. त्यातलं तुझ्यासाठी किती वेळा वाजलं, सांग बरं."

"पंचवीस तरी."

"नऊ."

हैबती बोटांवर मोजू लागला, आजीने त्याला थांबवलं.

"बावीस वेळा तुझी गरजच नव्हती. तू यायचास, आम्हीही थांबवत नव्हतो. तू असलास की काम लवकर व्हायचं आणि लोक खूश व्हायचे. ती नेत्रवेल मात्र तुझ्याशिवाय कुणी आणली नसती. पण त्यानंतरचे सात दिवस? तिथे कुणाचा जीव अडकला होता?"

लोकांचे जीव अडकलेले असतात, हे वाक्य हैबतीने येसूला किती वेळा ऐकवलं होतं!  आपण घर सोडून कर्तव्यावर जात होतो, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. बावीस वेळा तो नुसता ढोल ऐकायला गेला होता.

"मी पथक सोडतो," तो म्हणाला.

"आणि पुढची दरड?" कोळिणीने विचारलं. "ती काय मी उचलू?"

मग मेंढपाळ बोलला, अगदी हळू आवाजात. "मी वर्षभर माझ्या आईला भेटलेलो नाही. तिचं घर माझ्या पायांना घटकाभराच्या अंतरावर आहे."

 खाली खिंडीत ढोल वाजत होते आणि हे चौघं, ज्यांच्या नावाने सगळा मुलूख निर्धास्त झोपायचा, पकडल्या गेलेल्या चोरांसारखे एकमेकांकडे बघत होते.

शेवटी आजीच म्हणाली, "काम वाटून घ्यायचं म्हणून पथक काढलं होतं. आपण मिरवणुकाच वाटून घेत बसलो. आजपासून ज्याचं शिंग त्यानेच यायचं. काम झालं की त्याच पावली घरी. आणि हारतुरे ज्यांना वाचवलं त्यांच्याच गळ्यात."

तसंच ठरलं. मेंढपाळ तिथूनच पळत सुटला. तो कुठे चाललाय, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

हैबती घरी आला. आबांची दृष्टी परत आली नाही. कितीही ताकद लावली तरी तो ते चाळीस दिवस मागे ओढू शकत नव्हता. पहिले काही दिवस त्याला आपल्याच घरात परक्यासारखं वाटलं. मिठाचं मडकं कुठे असतं, आबा कोणत्या कुशीवर झोपतात, येसू दुपारी कुणाकडे निवडटिपण करायला जाते, त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तो विचारायचा, येसू सांगायची. तुटकपणे सांगायची. तिचा राग एका दिवसात जाईल अशी त्यानेही अपेक्षा ठेवली नाही.

सकाळी तो आबांना हात धरून तळ्यावर माती आणायला न्यायचा. आबा विचारायचे, "आज डोंगर कसा दिसतोय?" पहिल्या दिवशी हैबती गडबडला. त्या डोंगरावरून तो हजार वेळा उडी मारून गेला होता, पण त्याच्याकडे नीट कधी पाहिलं नव्हतं. त्याने थांबून पाहिलं आणि सांगितलं. "पायथ्याशी गवत पिवळं पडलंय, आबा. मधे एक पांढरा दगड आहे, त्यावर घार बसलीय." आबांनी मान डोलावली. "अजून सांग," ते म्हणाले.

तीनदा शिंग वाजलं की तो जायचाच. पूल सावरायचा, माणसं वाचवायचा आणि परत यायचा. लोकांनी त्याच्या पुतळ्यासाठी दगड आणला होता. त्याने तो गावच्या विहिरीवर कपडे धुवायला बसवून दिला.

असेच काही महिने गेले. एक दिवस येसू पाण्याची घागर घेऊन अंगणातून आत चालली होती. हैबती माती मळत होता. त्याने मान वर केली आणि हात थांबवले.

"येसू, डाव्या पायाला काय झालंय?"

ती जागच्या जागी थांबली. घागरीतलं पाणी तिच्या खांद्यावर हिंदकळलं.

"काही नाही," ती म्हणाली. "सकाळी काटा रुतला. निघेल."

"ठेव ती घागर. बस इथे."

ती ओट्यावर बसली. हैबतीने तिचा पाय मांडीवर घेतला, सुई घेतली आणि काटा शोधायला लागला. डोंगर उचलणारा तो माणूस! त्या इवल्याशा काट्याने त्याला घाम फोडला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा टोक सापडलं आणि त्याने श्वास रोखून तो अलगद बाहेर ओढला.

"निघाला?" चाकावरून आबांनी विचारलं.

"निघाला, आबा."

येसूने काट्याकडे पाहिलंही नाही. ती हैबतीच्या चेहऱ्याकडे बघत होती, जणू कुणीतरी फार दिवसांनी दूरदेशाहून घरी आलं होतं.

तात्पर्य: परकी माणसं संकटात हाक मारतात, घरची माणसं हाक मारत नाहीत, आपल्या लक्षात येईल म्हणून ती वाट पाहत राहतात. म्हणून जगाच्या हाकेला जरूर धावावं, पण घरच्यांनी हाक मारायची वाट पाहू नये.